कंबण्णाची मान

आमच्या घरात कंबण्णाची गोष्ट विनोद म्हणून सांगतात. दसऱ्याच्या सुमाराला चार माणसं जमली की कुणीतरी सुरू करतंच. काकांच्या छापखान्यात एक अवलिया होता, सगळ्यांच्या देवांची कामं करायचा पण एकाही देवाला नमस्कार करायचा नाही. शेवटी मशीन त्याच्यावर रुसलं आणि तो मशीनवर रुसून निघून गेला. मग हशा. मीही दर वेळी हसत आलो. ही गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, आणि तरी इतकी वर्षं गप्प राहिलो. खोटी आहे म्हटलं की कुणीतरी विचारणार, मग खरं काय? ते आज लिहून टाकतो.

छापखाना कमरीपेठेतल्या एका बोळात होता. आजोबा निपाणीकडून कापड विकायला हुबळीला आले, काका कापडातून छपाईत शिरले, आणि विद्यानगरच्या कॉलेजातून कशीबशी पदवी घेऊन मी काकांच्या गल्ल्याशेजारच्या टेबलावर बसलो. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आरत्यांच्या पुस्तिका, उरुसाची पत्रकं, नाताळची कार्डं, जे येईल ते आम्ही छापायचो. उर्दू ओळींचा ब्लॉक बाहेरून करून यायचा. कन्नड आणि मराठी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, आमचे होते.

कंबण्णा मोठ्या मशीनवर होता. त्याचं नाव वेगळंच होतं, ते इथे लिहीत नाही. कंब म्हणजे कन्नडमध्ये खांब. शनिवारी संध्याकाळी गल्ल्यावरच्या तसबिरीला आरती व्हायची, सगळ्यांच्या माना खाली जायच्या, आणि त्या माना खाली गेल्या की मागे हा एकटा उंच उभा दिसायचा. कुणीतरी एकदा कंबण्णा म्हटलं आणि ते चिकटलं. त्याला राग नव्हता. "खांब बरा की," तो म्हणायचा. "छप्पर तर त्याच्यावरच आहे."

तो बेळगावकडचा, मराठी बोलणारा, बौद्ध. बायको-मुलीसह जुन्या हुबळीत राहायचा. आरतीला तो बाहेर जात नसे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. घंटा त्याच्याच हातात असायची आणि ताल कधी चुकला नाही. गणपतीचा मांडव बांधायला तो दोऱ्या खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी हजर. मोहरमला पंजांच्या मिरवणुकीत पाण्याची घागर घेऊन चालायचा. नाताळच्या आदल्या दिवशी चर्चची बाकं पुसायला जायचा, कारण तिथला पाद्री म्हातारा होता. त्याला कुणी विचारलं, अरे, मग नमस्कार केलास तर काय बिघडतं, तर एकच उत्तर यायचं.

"हात सगळ्यांचे आहेत. मान तेवढी माझी."

"आणि तुझा देव कोणता?" एकदा एका गिऱ्हाइकाने मुद्दाम डिवचलं.

"घरी आहे. आत्ता जेवायला बसलाय, उठवू नका."

तो घरी काय करतो, दिवा लावतो की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. माणसाने न्हाताना आणि प्रार्थना करताना दार लावून घ्यावं, असं त्याचं मत होतं.

त्याची सगळ्यांत मोठी लहर रद्दीबाबत. छपाईत वाया गेलेले कागद आम्ही शाई पुसायला वापरायचो आणि उरलेले समोरचा मसालेदार चुरमुऱ्यांचं गिरमिट विकणारा पुड्या बांधायला न्यायचा. कंबण्णाने ते बंद पाडलं. देवाचं नाव किंवा चित्र असलेला प्रत्येक वाया गेलेला कागद तो बाजूला काढायचा, गठ्ठे करायचा, आणि ज्याचे त्याला नेऊन द्यायचा. आरत्यांचे मारुतीच्या पुजाऱ्याला, उर्दूचे आमच्या बाइंडिंगवाल्या हुसेनसाबना, क्रॉसवाले पाद्र्याला. पुजारी वैतागायचा. "काय करू रे मी याचं?" "ते तुम्ही ठरवा, मी कसं ठरवणार?" असं म्हणून हा गठ्ठा ओट्यावर ठेवून यायचा. मग बुद्धजयंतीची पत्रकं छापली, त्यातले खराब निघालेले कागद त्याने उचलले आणि त्याच कागदांनी खुशाल शाईचे रूळ पुसायला लागला.

हुसेनसाब ओरडले, "अरे कंबण्णा, ये क्या!"

"आमच्याकडे चालतं. मी विचारलंय."

"किसको?"

"ते खाजगी आहे."

हुसेनसाब हसून खाली बसले. त्यांचं स्वतःचं गणित निराळं होतं. खंडेनवमीला ते आपल्या कटिंग मशीनला झेंडूची फुलं वाहायचे, हातही जोडायचे. पोटाला घालणाऱ्या वस्तूला सलाम केला तर अल्ला रागवत नाही, असं म्हणायचे. कंबण्णाने त्यांना कधी टोकलं नाही. "तुमचा सलाम तुमचा," एवढंच. कुणी वाकलं म्हणून त्याने कधी कुणाला हलकं मानलं नाही.

काकांना सगळे सावकार म्हणायचे, म्हणजे मालक. मला तो तम्मा म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. मालकाच्या पुतण्याला असं म्हणणारा तो एकटा, आणि मला ते फार आवडायचं. काम संपल्यावर आम्ही गिरमिट आणि मिरची घेऊन मागच्या पायरीवर बसायचो. अशाच एका संध्याकाळी मी त्याला विचारलं, "पण अण्णा, मान एवढी का जपतोस?"

त्याने मिरचीचं देठ तोडून बाजूला टाकलं. "आमचा बा गावात पाटलाच्या दारावरनं जाताना वाकून जायचा. चपला हातात. त्याचा बा पण तसाच. मग आम्ही बौद्ध झालो, तेव्हा बा मला म्हणाला, आता तू सरळ चाल. मी म्हटलं, तू पण चाल की. त्याने बघितलं चालून. पाठ सरळ व्हायलाच तयार नाही. सवय लागली होती हाडांना." मग तो हसला. "खाऊन घे तम्मा, निवलं की गिरमिटाची मजा जाते."

काकांना हे सगळं पसंत होतं असं नाही, पण खपवून घेण्याची त्यांची जुनी सवय होती. खंडेनवमीला आमच्याकडे मोठा थाट असायचा. मशीनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालायच्या, कुंकू लावायचं, कोहळा फोडायचा, चुरमुरे-बत्तासे वाटायचे. मशीनं सगळ्यांत स्वच्छ करायचा तो कंबण्णा. माळाही तोच गुंफायचा. मग कामगार एकेक करून आपापल्या मशीनपुढे वाकायचे, आणि त्याची पाळी आली की काका त्याला हटकून कशाला तरी हाक मारायचे. "अरे, तेवढा नारळ आण." तो नारळ आणायचा. तोवर पाळी पुढे गेलेली असायची. ही दोघांची तडजोड होती, कधीही न बोललेली, आणि ती वर्षानुवर्षं नीट चालली.

पूजा झालेलं मशीन दसरा उलटेपर्यंत चालवायचं नाही, ही छापखान्याची रीत होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं काम माळ तशीच ठेवून काढायचं, आणि मग माळ उतरवायची.

ऐंशीनंतरचं कुठलं तरी वर्ष. एका लग्नाच्या पत्रिका दसऱ्याच्या सकाळी देतो असं मी कबूल केलं होतं आणि साफ विसरलो होतो. आठवण झाली ती खंडेनवमीला, पूजा उरकून सगळे घरी गेल्यावर. काकांना सांगायची छाती नव्हती. खिळ्यांची जुळणी तयार होती. मी आतून कडी घातली, लहान ट्रेडल मशीनवरची माळ भिंतीतल्या खिळ्याला अडकवली आणि मशीन सुरू केलं.

ट्रेडल म्हणजे एक जबडा समजा. तो उघडला की कागद ठेवायचा, मिटून उघडला की छापलेला काढायचा. मिटायच्या आत हात बाहेर हवा. पूर्वी एकाचा हात थोडक्यात बचावला होता. तेव्हा कंबण्णाने खोक्याच्या फळीतून एक पट्टी तयार करून मशीनला बसवली होती. जबडा मिटू लागला की पट्टी वर यायची आणि हाताला बाहेर ढकलायची. तिच्यामुळे सगळे निर्धास्त काम करायचे. माझा हात सराईत नव्हता, पट्टी सारखी मनगटाला लागून कागद वाकडे जात होते. मी ती काढली आणि कटिंग मशीनखाली सरकवली. पत्रिका झाल्या. मशीन पुसलं, कुंकू पुन्हा लावलं, माळ होती तशी घातली. माळेचा झुपका नेमका पट्टीच्या रिकाम्या जागेवर आला. पट्टीची मला आठवणच राहिली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसूने ट्रेडल सुरू केलं. बसू आमचा ट्रेडलवाला, धारवाड रस्त्याकडचा, नवीन संसार, बायको भरल्या दिवसांची. माळ घातलेल्या मशीनवर पहिलं काम, पट्टी आहेच या भरवशावर त्याने हात घातला.

किंचाळी ऐकून मी टेबलावरून उठलो तेव्हा कंबण्णाने मोटर बंद केलेली होती. दसऱ्याला त्याच्या लोकांचा मोठा दिवस असतो, धम्मदीक्षेचा; त्यासाठी घेतलेला त्याचा नवा पांढरा सदरा अजून अंगावर होता. तो त्याने काढला, बसूच्या हाताला गुंडाळला आणि बसूला उचलून रिक्षात घातलं. सगळे मागोमाग धावले. काका मला म्हणाले, "तू थांब, इथे कुणीतरी हवं."

मी थांबलो. कटिंग मशीनखालून पट्टी काढली आणि जागेवर बसवली. स्क्रू सापडत नव्हता. तरी बसवली.

बसूची दोन बोटं गेली.

पहिल्यांदा कोण बोललं ते आठवत नाही. कुणी वाईट मनाने बोललं असेल असंही नाही. पट्टी तर जागेवरच आहे, मग हात सापडला कसा? बारा महिने जे मशीन मुकाट चालतं ते पूजेनंतरच्या पहिल्याच कामाला असं का करेल? मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एका बाजूला वळल्या, न वाकणाऱ्या कंबण्णाकडे. देवी कोपायचीच असती तर माझ्यावर कोपायला हवी होती, पूजेतून मशीन उठवलं होतं ते मी. हे त्या छापखान्यात मला एकट्याला माहीत होतं, आणि मी पावत्या फाडत बसलो होतो.

बसूला भेटायला काकांबरोबर मीही दवाखान्यात गेलो. कंबण्णा आधीच तिथे बसलेला होता, त्याला चमच्याने पेज भरवत होता. बसू रडत होता. "अण्णा, तुझ्यावर माझा राग नाही. पण माझ्या बायकोच्या मनात भीती बसलीय. पोरावर काही येईल म्हणते. तू एकदाच हात जोड मशीनला. माझ्यासाठी जोड."

कंबण्णाने चमचा वाटीत ठेवला. "बसू, तू बरा होईपर्यंत तुझं मशीन मी चालवतो. पगार तुझ्या घरी पोचवतो. बायकोला सांग, मी येऊन तिच्याशी बोलतो. पण हे मागू नको."

"याक अण्णा?" बसू म्हणाला. का, म्हणून.

त्याने बसूचं तोंड पुसलं आणि पुन्हा चमचा उचलला.

बसू घरी आल्यावर काकांनी मशीनची शांती करायचं ठरवलं. एक नारळ, थोडी फुलं, आणि सगळ्यांनी वाकायचं. या खेपेला नारळ आणायला दुसऱ्याला पाठवलं होतं, तेव्हाच कंबण्णाला कळलं असणार. सगळे वाकून झाले. सगळे वाट बघत उभे राहिले.

काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या धर्माला कुणी नावं ठेवत नाही रे. सोडायलाही सांगत नाही. मान फक्त जराशी. लोकांचं समाधान होईल."

"सावकार, जराशी कशी वाकवू? वाकली म्हणजे वाकली."

"इतके दिवस मी कधी बोललो का?"

"नाही बोलला. ते मी विसरणार नाही."

"मग आता माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी दुसरं काहीही सांगा."

हुसेनसाब मध्ये पडले. "छोड दो सावकार. जबरदस्तीचा नमस्कार कुठल्या देवाला पोचतो?" पण बसूचा सासरा दारात उभा होता, आणि त्याच्यामागे बोळातली माणसं. काकांच्या कपाळावर घाम होता. "मग असं कर," ते म्हणाले, "उद्यापासून तू..."

"उद्यापासून मी येत नाही," कंबण्णाने वाक्य पुरं केलं. "ते तुम्ही म्हणायला नको, सावकार. तुम्हाला जड जाईल."

मी तिथून पाच हातांवर उभा होतो. पट्टी मी काढली होती. एवढं एक वाक्य बोललो असतो तर ते सगळं तिथेच संपलं असतं. माझ्या मनात काय चाललं होतं, तर काका सगळ्यांसमोर काय म्हणतील, बसूचा सासरा मला मारेल का, आणि देशपांडे नगरातल्या ज्या घरी माझं लग्न ठरत होतं तिथे हे कळलं तर. इतकंच. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर बरं वाटलं असतं.

तो आपला डबा आणि चहाचा कप घ्यायला मागे गेला. मी मागोमाग गेलो, कशाला ते मलाही कळलं नाही. कप धुताना, मान न वळवता तो म्हणाला, "तम्मा, पट्टी उलटी बसलीय."

त्याने कप उपडा करून पाणी झटकलं.

"घासलेली कड हाताकडे पाहिजे. ती मशीनकडे गेलीय. इतके दिवस मी सांभाळून चालवलं, पण आजच सरळ करून घे, नाहीतर आणखी कुणाचा हात जाईल."

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशीच. स्क्रू मी बसवतो तसे नव्हते. आणि त्या लग्नाच्या पत्रिकांना कडेला कुंकू लागलं होतं, एक खराब झालेली रद्दीत होती. गणपती होता वर, म्हणून मी बाजूला काढली."

"मग बाहेर बोलला का नाहीस? आत्ता, सगळ्यांसमोर?"

तो वळला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर आज मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. "मी ते बोललो असतो, तर लोक म्हणाले असते, बरं झालं, पट्टीमुळे झालं, मग तू नाही वाकलास तरी चालेल. आणि समज, पट्टी जागेवर असती आणि तरीही हात सापडला असता? मग मी वाकायचं होतं का?"

त्याने खांद्यावरचा रुमाल काढून कप पुसला.

"मशीनचं काय झालं ते वेगळं. माझी मान वेगळी. ती एकमेकांत बांधून दिली की दर वेळी कुठलं ना कुठलं मशीन बिघडेल, आणि दर वेळी मला पुरावा द्यावा लागेल." त्याने कप रुमालात गुंडाळला. "पट्टीचं सांगायचं ते तू सांग. ते माझं नाही, तुझं आहे. सवडीने सांग. पण सरळ मात्र आज कर."

पट्टी मी त्याच दिवशी सरळ केली. सांगितलं मात्र नाही. काका गेले, त्यांनाही नाही. बसू पुढे आमच्याकडेच कागद पोचवण्याच्या कामावर होता. त्याला मुलगी झाली, तिच्या बारशाला कंबण्णा पाळण्याची दोरी धरायला आला होता असं मी ऐकलं. मी त्या बारशाला गेलो नाही.

कंबण्णाला धारवाडला एका लहान छापखान्यात काम मिळालं. तिथल्या मालकाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणे, पूजेला यायचं तर ये, नाहीतर नको. अर्थात तो गेला आणि माळा गुंफून आला. पगार आमच्यापेक्षा कमी होता. मुलीचं शिक्षण लांबलं. हे मला हुसेनसाब सांगायचे, आणि सांगताना माझ्याकडे बघायचे नाहीत. त्यांनाही काही कळलं होतं का, मला माहीत नाही.

काही वर्षांनी, दशक संपत आलं होतं तेव्हा, हुसेनसाबच म्हणाले की तो आजारी आहे, जाऊन ये. मी धारवाडच्या बसमध्ये बसलो. वाटभर एकच वाक्य मनात घोळवत होतो. ते असं होतं: अण्णा, पट्टी मी काढली, तुझी नोकरी गेली तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि माझ्या भित्रेपणाची किंमत तुझ्या घराने भरली, मला माफ कर. मराठीत म्हणावं की कन्नडमध्ये, याचाही विचार केला. कन्नडमध्ये ते थोडं सोपं वाटत होतं.

त्याच्या मुलीने दार उघडलं. "बर्री, कुंद्ररी," या, बसा, म्हणाली. तो खाटेवर होता, उशीला टेकून ताठ बसलेला, हाडं वर आलेली. मला बघून चेहरा उजळला. "तम्मा! बघ गं, हाच तो. सांगितलं नव्हतं का?" मुलगी माझ्याकडे बघून हसली. त्याने तिला माझ्याबद्दल चांगलंच काहीतरी सांगितलं होतं, तिच्या हसण्यावरून ते कळत होतं. तिने चहा केला. ती शिक्षिकेच्या परीक्षेला बसली होती, ते त्याने सांगितलं. बसूच्या मुलीची चौकशी केली. काकांना आठवून त्याचे डोळे भरले.

मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि थांबलो. मुलगी आत गेली होती, खोलीत आम्ही दोघेच होतो.

"काही सांगायचं होतं का तम्मा?" तो म्हणाला. आवाजात घाई नव्हती. तो थांबायला तयार होता.

"नाही," मी म्हणालो. "बस चुकेल."

धारवाड-हुबळी बस तेव्हाही एक सुटली की दुसरी लागलेली असायची. ते त्यालाही ठाऊक होतं.

"बरं," तो म्हणाला. "सावकाश जा."